हजार किलोमीटर

रेइजीच्या डाव्या पायातली सपात कुठे सुटते, यावरून कुवादांच्या घरात त्या वर्षी काळ मोजला जाऊ लागला. दाराशी जोडे काढून, सपाता घालून तो आत येई, आणि त्याचा बाप मासुओ मागच्या गॅरेजमधून कान देऊन ऐकत राही. ऑगस्टात सपात जिन्याच्या पायथ्याशी सुटायची. सप्टेंबर संपता संपता ती स्वयंपाकघराच्या दाराशीच मागे राहू लागली. मग एक पाऊल वाजे आणि एक नुसतंच पडे. त्या दोन पावलांच्या मधल्या फटीत मासुओला पुढचं सगळं ऐकू यायचं, आणि हातातला पाना तो उगाचच दुसऱ्या हातात घ्यायचा.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा होतो, असं त्यांनी सांगितलं. डाव्या पायापासून सुरुवात झाली आहे, मग उजवा, मग हात, आणि शेवटी श्वास. औषध आहे, पण ते उतरणीवर ब्रेक लावण्यापुरतं. चौतीस वर्षांच्या रेइजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"क्लच किती दिवस दाबता येईल?"

"क्लच?"

"गाडीचा. डाव्या पायानं दाबतात तो."

डॉक्टरांनी तपासणीचे कागद पुन्हा चाळले. "वसंतापर्यंत," ते म्हणाले. "कदाचित. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासुओने गॅरेजच्या तुळईला इंजिन उचलायचा साखळीचा कप्पा टांगला.

त्याचा अर्थ रेइजीला सांगावा लागला नाही. त्याच्याकडे उघड्या टपाची, दोनच माणसांची एक जुनी गाडी होती, हजार किलोंच्याही आतली, वाऱ्याने उचलून न्यावी इतकी हलकी. त्या गाडीत रोटरी इंजिन बसवून द्या, म्हणून दहा वर्षं तो बापाच्या मागे लागला होता. या इंजिनाच्या पोटात वरखाली आपटणारे दट्टे नसतात. रेशमाच्या कोषासारख्या कवचात एक तिकोनी लोखंडी गोळा नुसता फिरत राहतो, आणि जितका जोरात फिरेल तितका गुळगुळीत होत जातो. नदीपलीकडच्या कारखान्यात मासुओने छत्तीस वर्षं हीच इंजिनं हातांनी जुळवली होती, आणि म्हणूनच तो नाही म्हणत आला होता. हलक्या गाडीला हलकंच काळीज बरं, असं त्याचं म्हणणं. रेइजीने तरीही एका गंजलेल्या मोटारीतून काढलेलं इंजिन विकत आणलं होतं, आणि ते नऊ वर्षं ताडपत्रीखाली वाट पाहत पडलं होतं.

आता ती ताडपत्री निघाली. मदतीला ओबाता आला, मासुओचा कारखान्यातला जुना सोबती, लोखंडाच्या जोडकामात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि बोलण्यात तर नव्हताच.

"हे इंजिन आहे की भाताचं भांडं?" ते बाकावर ठेवताना तो म्हणाला. "दोन म्हाताऱ्यांनी उचललं की!"

"तू नुसता हात लावलास. उचललं मी."

"ऐकलंस, रेइजी? छत्तीस वर्षं हेच चाललं. घाम माझा, नाव याचं."

रेइजी लाकडी पेटीवर बसून हसला. हसताना त्याने डावा पाय हाताने उचलून उजव्यावर ठेवला, जणू ती दुसऱ्या कुणाची ठेवायला दिलेली वस्तू होती.

मासुओने इंजिन उघडलं. त्याची काम करण्याची रीत गावाला ठाऊक होती. एकेक भाग तो तीनदा धूत असे आणि तीनदा मोजत असे, आणि तिन्ही मापं एकसारखी आली नाहीत तर चौथ्यांदा मोजण्याऐवजी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. तिकोनी गोळ्याच्या तिन्ही टोकांवर लोखंडाच्या बारीक पट्ट्या बसतात. साऱ्या इंजिनाचा प्राण त्या पट्ट्यांत असतो, कारण कवचाच्या भिंतीला त्या सतत घासत राहतात आणि तिथून दाब निसटला की सगळं संपतं. पट्टी आणि खाच यांमधली फट केसापेक्षा बारीक असते. त्या फटीवर वाकलेला मासुओ पाहिला की वाटे, तो जगातली एकुलती एक अशी जागा तपासतो आहे जिथे मृत्यूला अजून मोजून अडवता येतं.

ऑक्टोबरच्या अखेरीला त्याला एका कवचाच्या आत, ठिणगी पडते त्या भोकाजवळ, मुलामा उडालेला दिसला. तिळाएवढा.

"दुसरं कवच मागवतो," तो म्हणाला. "क्यूशू बेटावरच्या एका व्यापाऱ्याकडे आहे. सहा आठवडे लागतील."

"बाबा, हे चालेल की."

"चालेल. पण पन्नास हजार किलोमीटरनंतर दाब उतरेल."

"पन्नास हजार!" रेइजी मोठ्याने हसला. मग हसणं ओसरलं, आणि अगदी साध्या, जवळजवळ कुतूहलाच्या सुरात त्याने विचारलं, "इंजिनानं माझ्यापेक्षा जास्त जगायची काय गरज आहे?"

कोपऱ्यात ओबाताची जोडकामाची ज्योत फुसफुसत होती, ती त्याने बंद केली.

"फडकं दे," मासुओ म्हणाला.

कवच मागवलं गेलं.

नवं वर्ष आलं. तांदळाच्या चिकट वड्यांचं सूप तोमिएने, म्हणजे मासुओच्या बायकोने, या वेळी वड्या गिळायला सोप्या जाव्यात म्हणून बारीक कापून केलं. ओबाताने गाडीच्या पुढच्या आडव्या पट्टीला काप देऊन इंजिन खाली आणि मागे सरकवलं, म्हणजे वजन गाडीच्या मधोमध राहील. जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढणारा रेइजी आता घरूनच काम करी. इंजिन बदललेल्या गाडीला रस्त्यावर यायचं तर मापांचे आणि ताकदीचे कागद जोडून परवानगी घ्यावी लागते. ते सगळे नकाशे त्याने स्वतः काढले. मासुओ त्याच्या खांद्यावरून पाहत उभा राहिला. रेषा अजून सरळ होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी इंजिन पहिल्यांदा पेटलं. आधी पांढरा धूर, मग अडखळत, खाकरत, एखादं म्हातारं जनावर जागं व्हावं तसा आवाज. आणि मग हळूहळू त्या आवाजाच्या गाठी सुटत गेल्या. रेइजीने बोनेटवर तळहात ठेवला. तोमिए ओले हात घेऊन दारात आली. रेइजीचे ओठ हलले, पण काय म्हणाला ते कुणाला ऐकू गेलं नाही. फक्त त्याचा चेहरा दिसला, आणि पुढे पुष्कळ दिवस मासुओ झोपण्याआधी तो चेहरा आठवत राहिला. कुणी पाणी मागावं आणि त्याला समुद्र दाखवावा, तसा तो चेहरा होता.

मार्चच्या शेवटी कागद मंजूर होऊन आले. सपात आता दारातच सुटत होती.

"उद्या काढू या," रेइजी म्हणाला.

"उद्या नाही. आधी रुळवावं लागेल."

हे इंजिनं जुळवणाऱ्या माणसांमधलं न लिहिलेलं व्रत आहे. नवं जुळवलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही. पट्ट्यांनी आणि कवचाने एकमेकांना हळूहळू ओळखायचं असतं. त्याआधी घाई केली तर ओळखीऐवजी ओरखडे उरतात. या इंजिनाचा खरा गळा मोकळा होतो तो सात हजारांच्या पुढे, नऊ हजारांच्या लाल रेघेपर्यंत. तोवर ते गाणाऱ्याने तोंड मिटून गुणगुणावं तसं चालतं.

"मग मीच रुळवतो," रेइजी म्हणाला.

"तुला उजवा पाय आवरत नाही. लहानपणी सायकलसुद्धा कधी हळू चालवली नाहीस."

"आवरत नाही तो डावा, बाबा."

"अरे, दे ना त्याला," ओबाता मध्ये पडला. "चार हजारांच्या आत काय, माझी सासूसुद्धा चालवेल. आणि तिला जाऊन सहा वर्षं झाली."

"एकदा चुकून पाय पडला तर सहा महिन्यांचं काम वाया जाईल. माझ्या हातचं एकही इंजिन परत आलेलं नाही. हजार होऊ दे. मग त्याचं त्याला."

रेइजीने वाद घातला नाही. अशा घरांत मुलं वाद घालत नाहीत. ती मान झुकवतात आणि वळतात, आणि त्यांच्या वळण्यात जे असतं ते पाहण्याची बापांना सवय नसते.

मग पाऊस नसेल त्या त्या पहाटे मासुओ एकटाच निघू लागला. कुरे शहराकडच्या रस्त्याने, समुद्राला उजव्या हाताला ठेवून, पूल ओलांडत बेटांवर. कालवांचे तराफे करड्या पाण्यावर निश्चल असत. संत्र्यांच्या मळ्यांतून ओल्या फुलांचा वास येई. काटा तीन हजार पाचशेवर. तो तिथून हलू नये म्हणून मासुओ असा बसे, की जणू मांडीवर झोपलेलं मूल घेऊन बसला आहे. जाऊन-येऊन साठ किलोमीटर झाले की घरी.

न्याहारीला रेइजी विचारी, "किती?"

"तीनशे दहा."

"तीनशे सत्तर."

"चारशे तीस."

आकडा ऐकून तो मान हलवी आणि दोन्ही हातांनी वाटी उचली. एके सकाळी ती वाटी कलंडली. तोमिएने मेज पुसलं आणि रेइजी खोलीत गेल्यावर नवऱ्यासमोर येऊन बसली.

"अहो, तुम्ही त्याला गाडी देत नाही आहात. तुम्ही त्याला थांबवून ठेवताय."

"इंजिन अजून..."

"इंजिनाचं मला सांगू नका. काम अपुरं आहे तोवर तो कुठे जाणार नाही, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटतं. मी त्याचा स्वेटर तीनदा उसवून परत विणलाय. पण स्वेटर घालायला पाय लागत नाहीत."

मासुओने चहा संपवला. बायको खरं बोलते आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि आपलंही खोटं नाही हेही ठाऊक होतं. छत्तीस वर्षांची खरी गोष्ट आपल्या एकट्यासाठी एकदम खोटी कशी व्हावी, हे त्याला उलगडत नव्हतं. त्या दिवशी तो किल्ली मुलाच्या हातात देऊ शकला असता. सहाशे सत्तर झाले होते. त्याऐवजी त्याने एवढंच केलं, की दुसऱ्या दिवसापासून साठाऐवजी नव्वद किलोमीटर जाऊ लागला. घाई करायची तर तीही त्याला नियमातूनच करता आली.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी हजार पूर्ण झाले. त्याने तेल बदललं, काचा पुसल्या आणि किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली, भेट द्यावी तशी. रेइजीनेही ती दोन्ही हातांनी घेतली.

ओबाताने त्याला आधार देऊन आसनावर बसवलं. रेइजीने गुडघ्याला हात लावून डावा पाय क्लचवर ठेवला आणि वरून दाबला. पेडल अर्ध्यापर्यंत गेलं. पोटरी थरथरली, आणि पाय घसरून बाजूला पडला. त्याने पुन्हा उचलून ठेवला. पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी दोन्ही हातांनी गुडघा दाबताना त्याच्या तोंडून श्वासाचा एक बारीक आवाज निघाला, आणि ओबाता पाठ फिरवून अंगणातल्या झाडाकडे पाहू लागला.

"जड आहे," रेइजी म्हणाला.

जड होताच. या गाडीचा मूळचा क्लच हलका होता. नव्या इंजिनाची ताकद त्याला पेलली नसती म्हणून मासुओने जड बसवला होता. नियमाने तेच बरोबर होतं. छत्तीस वर्षांत जे जे बरोबर होतं ते सगळं त्याने या गाडीत घातलं होतं, आणि त्या सगळ्या बरोबरीच्या बेरजेसमोर त्याच्या मुलाचा पाय एखाद्या ओल्या पानासारखा पडला होता.

"हाताचा क्लच करता येईल," तो घाईने म्हणाला. "मुठीत तरफ, तिथून तार. मी करतो."

"किती दिवस लागतील?"

मासुओच्या मनाने सवयीने मोजायला सुरुवात केली: तरफ घडवणं, तार मागवणं, नकाशा, कागद, पुन्हा परवानगी. उत्तर ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. रेइजी ते वाचत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "मी त्या बाजूला बसतो. तुम्ही चालवा. बेटावर जाऊ या."

पुलावर वाहनं नव्हती. मासुओने आयुष्यात पहिल्यांदा पाय तळाला टेकवला. पाच हजार, सहा. सातवर त्या गुणगुणण्याचं तोंड उघडलं, आणि नऊ हजारांवर आवाज इतका एकसंध झाला की तो आवाज राहिलाच नाही, दोघांच्या भोवती ताणलेलं एक तलम कापड झाला. रेइजीने डोळे मिटले होते. पूल संपला, मासुओने पाय उचलला.

"कशी आहे?"

"फार छान झालीय, बाबा." थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण चालवलीत तुम्ही. मी ऐकली."

रस्त्याच्या वळणावर संत्री भरायची एक बंद पडलेली वखार होती. पुढे सिमेंटचं मोठं आवार, कडेला मोडक्या खोक्यांची रास. मासुओने गाडी आत वळवली, इंजिन बंद केलं आणि उतरून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"ऊठ. इकडे बस."

"बाबा, क्लच..."

"रेल्वेच्या फाटकात गाडी बंद पडली तर काय करायचं? ड्रायव्हिंगच्या शाळेत काय शिकवलं होतं?"

रेइजीने त्याच्याकडे पाहिलं. हे त्या देशात प्रत्येक वाहनचालकाला शिकवलं जात असे, आणि क्वचितच कुणी ते केलं असेल. "पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि किल्ली फिरवायची. स्टार्टरच्या जोरावर ओढत रुळांबाहेर काढायची."

"तसंच कर."

"स्टार्टर जळेल. गिअरचे दात..."

"कर म्हणतो ना!"

मासुओ मुलावर असा ओरडल्याला वीस वर्षं झाली असतील. त्याने रेइजीला काखेत धरून उचललं, स्टिअरिंगच्या चाकामागे बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि मधल्या हातब्रेकवर हात ठेवला. किल्ली फिरली. गाडीने आचका दिला, पोटातून एक करवतीसारखी किंकाळी निघाली आणि विझली. दुसरा आचका. आपल्या हातांनी जुळवलेल्या प्रत्येक दातावर काय चाललं आहे ते मासुओला दिसत होतं, आणि तो म्हणाला, "पुन्हा." तिसऱ्या आचक्याला इंजिनाने पेट घेतला आणि गाडी चालू लागली.

रेइजी गाडी चालवत होता. आवाराच्या भिंतीपाशी त्याने चाक वळवलं, खोक्यांच्या राशीला वळसा घातला, पुन्हा वळवलं. वाऱ्याने केस कपाळावर आले. काटा दोन हजारांवरून तीनवर गेला, साडेतीनवर येऊन थांबला.

"दाब," मासुओ म्हणाला. "आता कशाचीच भीती नाही. पुढे ने."

"दाबतोय."

"अजून दाब की! नऊपर्यंत जाते ती."

"पूर्ण दाबलाय, बाबा," रेइजी म्हणाला. त्याची नजर समोर होती. "एवढाच दाबला जातो. उजवाही गेले दोन आठवडे असाच आहे."

मासुओने खाली पाहिलं. उजवं पाऊल पेडलवर होतं, बोटं आत वळलेली, घोटा बारीक कंप पावत असलेला. त्याच्या खाली पेडलचा बराचसा प्रवास अजून शिल्लक होता. काटा साडेतीन हजारांवर स्थिर होता. हजार किलोमीटर, पंधरा पहाटा, त्याने स्वतः जिथे तो जपून धरला होता नेमका तिथेच. इतकंच चालवायचं होतं तर मुलाने ते सगळंच चालवलं असतं. पूल, तराफे, फुलांचा वास, सगळं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याचे दोन्ही पाय त्याला पुरले असते.

त्याला क्षमा मागायची होती. शब्द घशापर्यंत आला, आणि आयुष्यभराच्या सवयीने तिथे दुसराच होऊन बाहेर पडला.

"वळणावर मूठ सैल ठेव," तो म्हणाला.

"हो," रेइजी म्हणाला, आणि त्याने मूठ सैल केली.

गाडी पुन्हा वळली. थांबली असती तर पुन्हा त्याच किंकाळीतून जावं लागलं असतं, म्हणून ते थांबले नाहीत. दुपार कलेपर्यंत ते त्या आवारात फिरत राहिले, त्याच वेगाने, तोंड मिटून गुणगुणणाऱ्या त्या इंजिनासह, आणि बापाचा हात ब्रेकवर होता तो तिथेच राहिला.